चंद्रोदयानंतरचा उपास

एकदा एका नदीकाठच्या गावातली एक शिक्षिका संकष्टीच्या दिवशी आपल्या जुन्या गुरूंकडे गेली. कुमुदिनी तिचे नाव; गावात सगळे कुमुदबाई म्हणत. तिच्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता. त्याच आठवड्यात तिच्या नोकरीची वीस वर्षे भरली होती, आणि तिच्या वेळच्या नेमणुकांना नियम असा, की वीस वर्षे भरली म्हणजे निवृत्तिवेतन पक्के. पर्समधला कागद हा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेत द्यायचा होता.

खरे सांगायचे तर तो अर्ज तिने लिहिला नव्हता, तिच्याकडून लिहवून घेतला गेला होता. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की दुसरा विषयच निघत नसे. खटावकर सर म्हणत, "कुमुदबाई, घरी बसलात तरी अर्धा पगार मिळणार. म्हणजे आता रोज येताय ते उरलेल्या अर्ध्यावर! अर्ध्या पगारात पूर्ण चौथी सांभाळणारा दानशूर कर्णानंतर तुम्हीच."

सगळे हसले, तीही हसली. पण ते वाक्य कुसळासारखे मनात रुतले. फळ्यावर लिहिताना तिला वाटू लागले, हा खडू फुकट झिजतो आहे. वर्ग तोच होता, मुले तीच होती, आणि तरी गेला आठवडाभर ती परक्याच्या घरी पाहुणी म्हणून बसल्यासारखी वर्गात बसत होती.

तिच्या गुरू म्हणजे माई. पहिलीत कुमुदचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेणाऱ्या, पुढे त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झालेल्या. आता वय ऐंशीला टेकले होते. संकष्टी मात्र त्यांनी पन्नास वर्षांत कधी चुकवली नव्हती. कुमुद कोणतेही महत्त्वाचे पत्र आधी माईंना दाखवी आणि मगच पुढे पाठवी. आज उपासही त्यांच्याकडेच सोडायचा होता.

संध्याकाळी ती पोचली तेव्हा माई ओसरीवर चटई टाकून बसल्या होत्या. समोर भाजी विकणाऱ्या भागूबाई, साठी उलटलेल्या, मांडीवर व्रताच्या कहाण्यांचे पुस्तक घेऊन एकेका अक्षरावर बोट ठेवीत होत्या. दोन महिन्यांपासून माई त्यांना वाचायला शिकवीत होत्या.

माईंनी चष्मा सारखा केला आणि अर्ज वाचला.

"शुद्ध आहे. ऱ्हस्व-दीर्घही चुकलं नाही. फक्त कधी जाणार तेवढं लिहिलंस. का जाणार ते कुठंय?"

"वीस वर्षं झाली ना, माई."

"अगं, ते कधीचं उत्तर झालं. मी का विचारतेय."

कुमुद गोंधळली. तब्येत उत्तम होती. लेक शिकून नोकरीला लागली होती. यजमान नाशिकला होते खरे, पण तेही दर शनिवारी येत. ती म्हणाली, "सगळे असंच करतात, माई. आता थांबणं म्हणजे वेडेपणा, असं खटावकर सर म्हणतात."

"खटावकर जातोय का?"

"त्यांची अजून तीन वर्षं बाकी आहेत."

"म्हणून तुझी घाई त्याला!" माई हसल्या. त्यांनी अर्जाची घडी घालून परत दिली. "बरं, चंद्र तर उगवू दे. भुकेल्या पोटी सल्ला देऊ नये, आणि घेऊ तर मुळीच नये."

कॅलेंडरात चंद्रोदय आठ एकेचाळीसचा होता. कुमुदचे चित्त त्या एकेचाळीसमध्येच अडकले. साडेसातला ती गच्चीवर जाऊन आली. आठला पुन्हा गेली. अथर्वशीर्ष म्हणताना मध्येच तिची नजर घड्याळाकडे वळली आणि ओळ निसटली.

भागूबाई खालून म्हणाल्या, "बाई, किती डोकावता! नवरीवाणी लाजून ढगात बसंल तो. यायचा तवा यील की."

"तुम्हाला काय, भागूबाई. तुम्ही दुपारी भाकरी खाल्लीत!"

"व्हय, अन् वर वांग्याचं भरीत बी," भागूबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले.

अखेर चंद्र उगवला. नारळाच्या झावळ्यांआडून वर आला, स्वच्छ, लोण्याच्या गोळ्यासारखा. माईंनी ताम्हनात अर्घ्य सोडले, गणरायाला आणि चंद्राला नैवेद्य दाखवला, आरती झाली. कुमुदने चटचट पाने वाढली. वरणभात, बटाट्याची भाजी, वाफाळलेले मोदक, वर तुपाची धार. पाट मांडून ती हाक मारायला वळली, तर काय! माई पुन्हा ओसरीवर, भागूबाईंच्या शेजारी जाऊन बसलेल्या.

"माई, चंद्रोदय झाला. चला, उपास सोडा."

"सोडते हो. तू बस जेवायला. हिची एवढी ओळ होऊ दे."

भागूबाई एका जोडाक्षरापाशी अडल्या होत्या. बोट पुढे सरकत नव्हते. कपाळावर घाम आला होता. "ऱ्हाऊ द्या माई, उद्या करू. तुमी सकाळधरनं उपाशी."

"माझ्या उपासाचं मी बघते. तू वाच. पहिलं अक्षर अर्धं आहे, ते दुसऱ्याच्या खांद्यावर टेकलंय. दोघांना मिळून हाक मार बघू."

पाच मिनिटे गेली, दहा गेली. पानातली वाफ विरली, तूप गोठू लागले. कुमुद पाटावर बसली, उठली, पुन्हा बसली. गुरूंना सोडून घास घेववेना. तिला नवल वाटत होते. दिवसभर निर्जळी राहिलेली ही म्हातारी बाई, जिच्यासाठी चंद्र उगवला, तीच चंद्राकडे पाठ करून बसली होती.

आणि मग भागूबाईंना ते अक्षर सुटले. त्यांनी बोट मागे नेले आणि सबंध ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाचली. वाचून झाल्यावर स्वतःच दचकल्या. "माई, ह्ये म्या वाचलं?"

"मग काय मी?"

भागूबाईंनी पदराने डोळे पुसले, पुस्तकाला नमस्कार केला, माईंना केला, आणि जाता जाता कुमुदलाही करून गेल्या.

माई हात धुऊन पाटावर आल्या. गार झालेला मोदक त्यांनी कौतुकाने फोडला.

कुमुदला राहवेना. "माई, व्रतात एवढ्या काटेकोर तुम्ही. मग चंद्रोदय होऊनही इतका वेळ का थांबलात? हा उपास कुठल्या शास्त्रात सांगितलाय?"

माईंनी घास संपवला आणि म्हणाल्या, "कुमुद, चंद्र उगवला म्हणजे काय झालं? जेवायची मुभा मिळाली. आज्ञा नाही मिळाली. चंद्राचं काम एवढंच, की आता तू मोकळी आहेस असं सांगायचं. मोकळं झाल्यावर काय करायचं, ते त्याला विचारायचं नसतं. मला भोवळ आली असती, तर मी आधी जेवले असते, आणि गणरायानं रागही धरला नसता. पण मला त्या घटकेला जेवणाहून भागूबाईची ओळ गोड लागत होती.

"तुझं निवृत्तिवेतन तसंच आहे, बाळ. ते हवंच. मी आज निर्धास्त आहे ती त्याच्याच जिवावर. पण आठ वर्षांपूर्वी तुझ्या मनात नाशिकला जायचं होतं. आठवतं? तेव्हा वीस भरायची होती म्हणून राहिलीस. आता वीस भरली म्हणून निघालीस. राहिलीस तीही त्याच्या सांगण्यावरून, निघालीस तीही त्याच्याच. तेव्हा तुझा नाइलाज होता. संसार होता, लेकीचं शिक्षण होतं. त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. पण आज पहिल्यांदा तुला कुणी अडवत नाहीये. आणि आजच तू घड्याळाला विचारतेस, जाऊ का म्हणून?"

 कुमुदने हळूच विचारले, "मग मी थांबू का, माई?"

"आता मला विचारू नकोस!" माई मोठ्याने हसल्या. "घड्याळ गेलं आणि म्हातारी आली, तर तुझं काय राहिलं त्यात? नाशिक खुणावत असेल तर उद्याच जा, मी लाडू बांधून देईन. वर्ग खुणावत असेल तर वर्गात जा. पण जाशील तिथं आपल्या पायानं जा."

दुसऱ्या दिवशी कुमुद शाळेत गेली, ती थेट चौथीच्या वर्गात. अपूर्णांकांचा पाठ होता. मुलांचा गोंगाट तोच, खिडकीतले ऊनही तेच. पण हा तास आपल्याला कोणी लावलेला नाही, आपण मागून घेतला आहे, असे तिला वाटले आणि आवाज आपोआप मोकळा झाला. मधल्या सुट्टीत खटावकर सरांनी विचारले, "काय बाई, दिलात का अर्ज?"

"नाही, सर. अजून भूक आहे."

सरांना काही उमगले नाही. त्यांनी तिच्यापुढे शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा सरकवला.

त्यानंतर कुमुद चार वर्षे शिकवीत राहिली. मग एका वर्षी परीक्षा झाल्या, निकाल लागला, आणि नियमांच्या कोणत्याही तक्त्यात विशेष म्हणून न नोंदलेल्या एका तारखेला तिने अर्ज दिला. नव्या मुख्याध्यापकांनी आश्चर्याने विचारले, "बाई, आत्ताच का? काही अडचण?"

कुमुदिनी समाधानाने म्हणाली, "अडचण कसली? माझं शिकवून झालं."