टिचकी उंदरीचं काड

एक होतं शेत. शेताला होता बांध. बांधात होतं बीळ. बिळात होती टिचकी उंदरी.

बिळातली जमीन होती गार गार. टिचकी म्हणाली, "आता मला पिल्लं होणार. ती कुडकुडणार. अंथरायला काड हवं. गव्हाचं पिवळं पिवळं काड!"

मग टिचकीने काय केलं? शेती केली! आयुष्यात पहिल्यांदा. मूठभर गहू पेरला. तिची मूठ, बरं का! आणि रोज सकाळी उकरून बघायची, "उगवलास का रे?" असा कसा उगवेल? तिने उकरणं थांबवलं, तेव्हा कुठे बिचारा उगवला.

गहू वाढला. सळसळ सळसळ. टिचकीला पिल्लंही झाली. गुलाबी गुलाबी. अंगावर केस नाहीत, तोंडात दात नाहीत. चीं चीं चीं!

टिचकीने ओंब्या खुडल्या, बांधाखाली टाकून दिल्या. काड कापलं. कुर्रम कुर्रम. वाळत घातलं. मग पिल्लांना दूध पाजायला बिळात गेली. परत आली, तर...

धप्प!

काडावर म्हैस!

टिचकीची मिशी ताठ झाली. शेपटी ताठ झाली. "अगं आई गं! माझं काड! अख्खं काड!"

ती ओरडली, "म्हैसबाई, म्हैसबाई, उठा ना!"

म्हैस म्हणाली, "हूंऽऽ. पाठ खाजते. बगळा टोचेल, तर मी उठेन." आणि डोळे मिटून रवंथ करत राहिली. खाली बघितलंसुद्धा नाही!

तुरुतुरु तुरुतुरु, टिचकी गेली बगळ्याकडे.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, टोचा ना!
म्हैस उठेना,
काड मिळेना,
पिल्लं निजेनात!"

बगळा एका पायावर उभा होता. त्याचा दुसरा पाय पटकन खाली आला. "अबब! उंदरी तू, आणि दाणा नको? काड हवं?"

"पिल्लांना दातच नाहीत. दाणे कशाला?"

"खरंच की! पण माझे पंख ओले. ऊन पडेल, तर मी टोचेन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिचकी चढली उंच गंजीवर.

"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन पाडा ना!
बगळा टोचेना,
म्हैस उठेना,
काड मिळेना,
पिल्लं निजेनात!"

सूर्य होता ढगाआड. त्याने एक डोळा उघडला. मग दुसराही उघडला. "अबब! उंदरी तू, आणि दाणा नको? काड हवं?"

"पिल्लांना दातच नाहीत. दाणे कशाला?"

"खरंच की! पण माझ्यापुढे ढग. ढग सरकेल, तर ऊन पडेल."

टिचकीने मान आणखी वर केली.

"ढगोबा, ढगोबा, सरका ना!
ऊन पडेना,
बगळा टोचेना,
म्हैस उठेना,
काड मिळेना,
पिल्लं निजेनात!"

ढग असा दचकला! गुडुम्! "अबब! उंदरी तू, आणि दाणा नको? काड हवं?"

"पिल्लांना दातच नाहीत. दाणे कशाला?"

"खरंच की! पण मला पायच नाहीत. वारा वाहेल, तर मी सरकेन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिचकी गेली बांबूच्या बेटात. तिथे वारा झोपला होता.

"वारोबा, वारोबा, वाहा ना!
ढग सरकेना,
ऊन पडेना,
बगळा टोचेना,
म्हैस उठेना,
काड मिळेना,
पिल्लं निजेनात!"

वारा ताडकन उठून बसला. "अबब! उंदरी तू, आणि दाणा नको? काड हवं?"

"पिल्लांना दातच नाहीत. दाणे कशाला?"

"खरंच की! पण मी उगीच नाही वाहत. खळ्यावरची हौसाकाकी दाणे उफणेल, तर मी वाहेन. भुसा उडवायला मला फार आवडतं!"

तुरुतुरु तुरुतुरु. धापा टाकत टिचकी गेली खळ्यावर. तिथे बसली होती हौसाकाकी. हातात सूप.

"काकी, काकी, उफणा ना!
वारा वाहेना,
ढग सरकेना,
ऊन पडेना,
बगळा टोचेना,
म्हैस उठेना,
काड मिळेना,
पिल्लं निजेनात!"

काकीच्या हातातलं सूप पडलं. थाडकन! "आगं बया! उंदरी तू, अन् दाणा नगं? काड पायजे?"

"पिल्लांना दातच नाहीत. दाणे कशाला?"

"खरंच की गं! पर मी उफणू काय? सूप रिकामं हाय. दाणे आण, मंग उफणते."

झालं! आता दाणे कुठून आणायचे? टिचकी मटकन खाली बसली. लांबून, बिळातून आवाज आला, चीं चीं चीं. टिचकीला रडू आलं. टप टप टप.

आणि एकदम तिची मिशी ताठ झाली. शेपटी ताठ झाली.

"अगं आई गं! दाणे तर माझ्याकडेच आहेत! बांधाखाली! मीच टाकले!"

तुरुतुरु तुरुतुरु गेली. खर्रर खर्रर ओंब्या ओढत आणल्या. काकीने ओंब्या चोळल्या. सूप उंच धरलं. आणि मग?

काकी उफणली, फट् फट्!
वारा वाहिला, सूंऽऽ!
ढग सरकला,
ऊन पडलं,
बगळ्याचे पंख वाळले, बगळा उडाला, टोचायला लागला, टुक टुक टुक!
म्हैस उठली, हुश्श!

म्हशीने खाली बघितलं. तिचे डोळे झाले एवढे मोठे! "अगंबाई! मी काडावर बसले होते?"

टिचकीने बघितलं. तिची मिशी पुन्हा ताठ! काड झालं होतं चपटं. पोळीसारखं चपटं!

टिचकीने हळूच एक पाय ठेवला. मऊ मऊ! दुसरा पाय ठेवला. ऊबदार! म्हशीच्या पोटाची सगळी ऊब काडात उतरली होती.

टिचकीने काड बिळात नेलं. छान अंथरलं. पिल्लं वर ठेवली. चीं... ची... च...

निजली.

हौसाकाकीने ओंजळभर दाणे बिळाच्या तोंडाशी ठेवले. हळूच म्हणाली, "असू दे गं टिचके. दात आलं की खातील लेकरं."

काड मिळालं, गोष्ट निजली. आता तू सांग, तुला आलेत का दात? आ कर, बघू!