शिवेवर अडवलेला धूर

धवलनगरच्या हैबतराजाच्या पांढऱ्याशुभ्र राजवाड्यावर पुन्हा काजळी बसली! दिवाळीला चुना दिला, तो संक्रांतीला काळवंडला. संक्रांतीला दिला, तो पाडव्याला. आता श्रावण लागला आणि राजवाडा पालथ्या तव्यासारखा दिसू लागला. राजाचा पारा चढला. कारण शोधायला लांब जायची त्याला सवय नव्हती. राजवाड्यामागेच येसू भडभुंजीण चणे-फुटाणे भाजायची. तिलाच त्याने दरबारात उभी केली.

"तुझ्या भट्टीनं माझा राजवाडा काळा केला."

येसूची जीभ तिच्या चण्यांपेक्षा गरम. ती म्हणाली, "महाराज, पावसानं सरपण भिजलंय. माझी भट्टी आठवडाभर पेटलीच नाही. काजळी मात्र रोज बसतेय."

"मग हा धूर वाघदरीच्या मानाजीचा! नाहीतर सातबेटच्या खंडोजीचा!" या दोन शेजारी राजांशी हैबतराजाचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. "शेजाऱ्यांचा धूर आहे हे तूच दाखवून दिलंस, आता तूच तो अडव. नागपंचमीच्या आत तो शिवेवर अडला पाहिजे. नाही अडला, तर भट्टी पाडीन आणि तुला नगराबाहेर काढीन."

आता धूर म्हणजे काय गुरंढोरं आहेत, काठी आडवी धरली की वळली? दरबारी गालातल्या गालात हसले. येसूला मात्र भट्टीची काळजी लागली. ती भट्टी तिच्या सासूने स्वतःच्या हातांनी लिंपलेली, आणि घर चालायचं तेही तिच्यावरच. पण घाबरली तरी गप्प बसेल ती येसू कसली!

"अडवते, महाराज. तुम्ही एवढंच करा. पंचमीच्या आदल्या दिवशी त्या दोन्ही राजांना लाह्या खायला बोलवा. तीन शिवा मिळतात त्या टेकडीवर."

"त्यांना? लाह्या?"

"धूर त्यांचा ना? मग धन्यांच्या समोरच अडवलेला बरा."

दुसऱ्याच दिवशी येसू दोन्ही नगरांतल्या भडभुंज्यांकडे गेली. पंचमीला नागोबापुढे लाह्या हव्यातच, पण सणाच्या दिवशी भाजणं चालत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी तिन्ही नगरांत भट्ट्याच भट्ट्या पेटत, आणि ओल्या सरपणाच्या धुराने लोकांना सणाआधीच रडू येई.

येसू त्यांना म्हणाली, "आपल्या भट्टीला कधी विचारलंय का, हे दाणे कोणाचे? ज्याने त्याने आपले आणायचे, वाळू एकच. मग तीन नगरांचे दाणे एका वाळूत का नाही भाजायचे?"

भडभुंजे हसले, पण गोष्ट त्यांना पटली. वाघदरीकडे नदीची चांगली वाळू होती, सातबेटकडे छपराखाली ठेवलेलं कोरडं सरपण होतं. भट्टी येसूने टेकडीवर स्वतः रचली.

ठरल्या दिवशी तिन्ही राजे आले आणि एकमेकांकडे पाठ करून बसले. पण लाही गरमागरम असली की राजालाही मान वळवावी लागते. टेकडीवर ही एकच भट्टी पेटली होती. तिन्ही नगरांची ज्वारी पाळीपाळीने तिच्यातून फुलून निघत होती. खाली मात्र तिन्ही नगरं लख्ख दिसत होती. फक्त नदीकाठच्या झाडीमागून काळ्या धुराचा एक लोट वर चढत होता. नदी तिघांचीही, त्यामुळे तो कोणाचा ते कळेना.

"मानाजीचा!" हैबतराजा म्हणाला.

"खंडोजीचा!" मानाजी म्हणाला. खंडोजीच्या तोंडात लाह्या होत्या, म्हणून त्याने नुसतंच हैबतराजाकडे बोट दाखवलं.

हैबतराजा ताडकन उठला. "ज्याचा असेल त्यानं तो आत्ताच्या आत्ता विझवावा! शिवाय या टेकडीवर तिन्ही नगरांसाठी एक पक्की भट्टी बांधून द्यावी! कबूल?"

"कबूल!"

"येसू, सांग कोणाचा."

येसूने पदराला हात पुसले. "महाराज, ती तुमची चुनाभट्टी. राजवाड्यावर काजळी बसली की तुम्ही चुना मागवता. चुना भाजायला ती पेटते. ती पेटली की पुन्हा काजळी बसते. दिवाळीपासून विझलीच नाही बिचारी."

मानाजीला ठसका लागला. हैबतराजाचे कान लाल झाले, पण हार मानेल तो राजा कसला!

"ते राहू दे. मी तुला शेजाऱ्यांचा धूर शिवेवर अडवायला सांगितलं होतं."

"अडवला की, महाराज. त्यांच्या भट्ट्या बंद आहेत, भडभुंजे इथं आहेत, आणि दोन्ही राजे शिवेवर बसून लाह्या खातायत. एक तुमचाच धूर राहिला. पण तो अडवायचा मला हुकूम नव्हता!"

हैबतराजा असा खदाखदा हसला, की त्याच्या ओंजळीतल्या लाह्या मानाजीच्या पागोट्यावर जाऊन पडल्या. मग मानाजी हसला, खंडोजीही हसला. हैबतराजाने हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं आणि चुनाभट्टी विझवायला स्वार पिटाळला. टेकडीवर पक्की भट्टी उभी राहिली. तिन्ही नगरांच्या लाह्या, मडकी आणि चुना तिथेच पाळीपाळीने भाजू लागले, आणि पाळ्या लावायला तिन्ही राजांनी येसूलाच नेमलं. धवलनगरच्या चुन्याची पाळी अर्थात सगळ्यांत शेवटी असे.