वाळूतली होडी

अख्ख्या कॉलेजात मिळून एकच कॅमेरा होता, त्या काळातली ही गोष्ट. हेमांगी तांडेलनं वार्षिक स्पर्धेसाठी एका कोळीगीताचा व्हिडिओ केला. ठेका नाचवणारा, लुगडी झगझगीत, अंबाड्यात अबोली. इथवर सगळं रीतीप्रमाणे. पण तिची हौसाआत्या आणि चौघी बायका नाचत नव्हत्या. त्या ठेक्यावर हात चालवत, गात गात बोंबील वाळत घालत होत्या. मागे नुसतं पाणी.

परीक्षक होते मोहिलेसाहेब. कोळीगीतांचे तीस व्हिडिओ काढलेले, त्यामुळे समुद्राचा सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखे बोलायचे.

"कोळीगीत म्हटलं की वाळूवर होडी हवी आणि तिच्याभोवती नाच हवा," ते भर सभागृहात म्हणाले. "बाळ, तुझी होडी कुठाय?"

सगळे हसले. शेजारी बसलेल्या आत्यानं मान खाली घातली. ते पाहिलं मात्र, हेमांगी उठून उभी राहिली.

"कामावर गेलीय, सर. भर मोसमात होडी वाळूत ओढलेली दिसली, तर आमच्याकडे कुणी नाचत नाही, काय मोडलं ते बघायला धावतात. तुमच्या तीसही व्हिडिओंत ती वाळूतच आहे. आत्या दर वेळी विचारते, बिचाऱ्यांची होडी अजून दुरुस्त झाली नाही का गं?"

सगळ्यांत आधी हसली ती आत्याच. मग सभागृह. मोहिलेसाहेब चष्मा पुसत राहिले.

आता आत्या नाही, बोंबील वाळायचे ती जागाही नाही. हेमांगी कधीमधी तो व्हिडिओ लावते. आत्या गात असते, मागे नुसतं पाणी असतं. होडी अजून कामावरच असते.