धावडवाडीचा डिंकाचा लाडू

समोरचा तो बोडका डोंगर बघितलात? आमच्या वाडीचं नाव धावडवाडी, पण त्या डोंगरावर धावड्याचं झाड औषधालाही सापडायचं नाही. येणारे-जाणारे कारण विचारतात, आणि मी पडलो देवळाचा गुरव, म्हणून सांगायचं माझ्याकडे आलं. फोटो खुशाल काढा. पण गोष्ट आमच्या मोठेपणाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

फार पूर्वी हा डोंगर धावड्यांनी भरलेला होता, असं सांगतात. थंडी सरता सरता सालीतून आपोआप डिंक पाझरायचा आणि बायका तो हाताने खुडून आणायच्या. सालीला कोयता लावायचा नाही, हा वाडीचा नेम. डिंक बाळंतिणीच्या लाडवांसाठीच ठेवायचा, हा दुसरा. लाडू वळण्यात तानूबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती विधवा बाई, तिला चिमा नावाची एकच लेक, पलीकडच्या खोऱ्यात दिलेली.

एकदा शेजारगावच्या इनामदारांची सून बाळंतपणात पार खंगली. तिला तानूबाईचे लाडू गेले आणि महिन्याभरात ती हिंडूफिरू लागली. बांगड्या भरायला आलेल्या कासाराने ते पाहिलं. कासार म्हणजे घरोघरच्या माजघरात बसणारा माणूस. ज्या बाईच्या हातात बांगडी चढवील तिला ही बातमी सांगत सुटला. पुढच्या गावात महिन्याचे पंधरा दिवस झाले, त्याच्या पुढच्या गावात तीन. शेवटी तर म्हणे लाडू खाऊन कुणा म्हातारीचे केस काळे झाले.

मग गाड्या येऊ लागल्या. लाडू थोडे, माणसं फार. "आज संपले, उद्या या," तानूबाई सांगायची. खाऊन गेलेला एक वेळ गप्प बसायचा, पण रिकाम्या हाती परतलेला चार गावांत बोलायचा. पैलवान आले, नवरदेव आले, पुढे तर नुसतं 'आम्हीही खाल्ला' म्हणता यावं म्हणून लोक येऊ लागले. वाडीची मान ताठ झाली. डिंक पुरेना, तेव्हा नेम मोडला. पहिला कोयता तानूबाईनेच घातला म्हणतात. त्या साली तिप्पट डिंक निघाला.

चिमाला दिवस गेले होते. तिच्यासाठी म्हणून तानूबाईने एका मडक्यात डिंक राखून ठेवला होता. अशात लांबून एक बडे पाहुणे आले. लाडू संपले होते. "तुमच्यासारखा हात मुलखात नाही, असं ऐकून आलोय, बाई," ते म्हणाले. तानूबाईने चिमासाठीचं ते मडकं उघडलं. माघात नवा डिंक येईल, चिमा त्यानंतरच बाळंत होईल, असं तिने धरलं.

माघ आला. घाव घातलेली झाडं उभ्या उभ्या वाळली होती. डोंगरभर फिरून तिला चिमूटभरही डिंक मिळाला नाही. चिमा माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली, पण चिमाचं अंगावरून जाणं काही थांबेना. तानूबाईने नुसत्या गूळ-खोबऱ्याचे लाडू वळले आणि तिच्यापुढे ठेवले. इथवर आलो की मला दरवेळी पुढचं सांगू नये असं वाटतं.

"आई, डिंक तळल्याचा वास नाही गं आला आज," चिमा म्हणाली.

"पडसं झालंय तुला, बाळा."

चिमाने लाडू संपवला. आईच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "छान झालाय." बारशाच्या दिवशी ती गेली. लाडवाला 'छान' म्हटलेलं तानूबाईने पुन्हा कानावर पडू दिलं नाही. लाडू शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला तिने तशी शपथ घातली म्हणे.

आजही आमच्या वाडीत बाळंतिणीसाठी लाडू होतात, बाजारातून आणलेल्या डिंकाचे. दार लावून करतात. लेक खाते, आई समोर बसते. कसा झालाय, असं आई विचारत नाही. लेकही काही बोलत नाही. लाडू संपेपर्यंत दोघी खाली बघत राहतात.