लाल टोकाचा तरंडा

सारसतलावाच्या काठाला अकरा काळे दगड होते आणि प्रत्येक दगड एकेका घराचा होता. दगडावर बसायचं, गळ टाकायचा, मासा धरायचा आणि घरी चूल पेटवायची. पण ज्या घराला अमावास्येपासून पुनवेपर्यंत एकही मासा लागणार नाही, त्याचा दगड शेजारच्या घराला जायचा. हा नियम बिसन मुखियाने केला होता. त्याच्याकडे तीन दगड होते, आणि नियमाने आणखी कुणाचा फायदा झाल्याचं गावाला आठवत नव्हतं. तरी कुणी बोलत नव्हतं.

अकराव्या दगडावर नऊ वर्षांची रेवता बसायची. तिच्या बाबांचा उजवा हात मोडला होता. त्यांनी डाव्या हाताने मोरपिसाच्या दांडीचा एक तरंडा करून दिला होता. तरंडा म्हणजे पाण्यावर उभी राहून मासा लागल्याची खूण सांगणारी काडी. आज पुनव होती. सूर्य बुडेपर्यंत मासा मिळाला नाही, तर दगड जाणार होता.

शेजारच्या दगडावर मुखियाची मुलगी फुलवंता होती. तिचा तरंडा बाजारातला, लालचुटूक टोकाचा. तिच्या डब्यात भाजलेलं बेसन, शेंगदाण्याची पेंड, गूळ आणि मेथीची पूड मळून केलेला, गळाला लावायचा सोनेरी गोळा होता. रेवताकडे भाताच्या कोंड्याचा गोळा होता. रेवताची नजर सारखी त्या लाल टोकाकडे जायची. ते बुडालं की ती आपला तरंडा बघायचंच विसरायची.

"काय बघतेस गं?" फुलवंता म्हणाली. "नजर लावशील माझ्या माशाला."

"तुझे मासे तुलाच राहू दे," रेवता म्हणाली आणि पुन्हा तिकडेच बघू लागली.

तेवढ्यात दगडाखालच्या कमळपानांत काहीतरी चमचमलं. कुणीतरी फेकून दिलेल्या नायलॉनच्या दोऱ्याच्या गुंत्यात एक इवलीशी परी अडकली होती. बोटाएवढी. तिचे पंख चतुरासारखे, निळे-हिरवे. रेवताने गळ बाजूला ठेवला आणि एकेक गाठ नखांनी सोडवली. त्यात अर्धी दुपार गेली.

"किती हळू सोडवलंस, एक पंखसुद्धा दुखला नाही," परी म्हणाली. तिच्या ओंजळीत चार दवबिंदू होते, मोत्यांसारखे टपोरे. "यातले तीन तुझे. तीन इच्छा माग. पण नियम ऐक. मागताना डोळे आपल्या तरंड्यावर ठेवायचे. नजर ज्याच्या तरंड्यावर असेल, इच्छा त्याला मिळेल."

"आणि चौथा थेंब?"

"तो कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही," परी म्हणाली आणि कमळाच्या गुलाबी पाकळीवर जाऊन बसली.

रेवताने गळ पुन्हा पाण्यात टाकला आणि आपल्या तरंड्याकडे पाहिलं. "मला एक रोहू लागू दे," ती म्हणू लागली. पण 'रोहू' म्हणताना मनात आलं, फुलवंताला किती मिळाले असतील? नजर निसटली. पहिला थेंब टपकन फुटला, लाल टोक बुडालं आणि फुलवंताने चंदेरी रोहू बाहेर काढला.

रेवताच्या कानशिलांत आग पेटली. "मला एवढा मोठा मासा दे, की सगळ्यांनी बघत राहावं," ती तावातावाने म्हणाली. आणि फुलवंता ऐकते आहे का, हे बघायला तिने मान वळवलीच. दुसरा थेंब फुटला.

लाल टोक सुर्रकन नाहीसं झालं. फुलवंताची बांबूची काठी कमानीसारखी वाकली. उरलेला दोरा तिने ऐटीत मनगटाला गुंडाळला होता, आणि तोच आता तिला ओढू लागला. पाय शेवाळावरून घसरला. ती गुडघ्यापर्यंत गेली, मग कमरेपर्यंत. पुढे खोल डोह होता.

"रेवते, दोरा सुटत नाही गं."

परीच्या ओंजळीत रेवताचा एकच थेंब उरला होता. सूर्य सागाच्या शेंड्यांना टेकला होता. आता आपल्या तरंड्याकडे बघायचं, एक वाक्य म्हणायचं, की दगड वाचला. सगळं तिलाच मिळतं, मग थोडं भोगू दे की तिला, असंही रेवताच्या मनात येऊन गेलं.

लाल टोक क्षणभर पाण्यावर आलं. रेवताने त्याच्यावर डोळे रोखले आणि म्हणाली, "तो दोरा तुटू दे."

तिसरा थेंब फुटला. दोरा तुटला. रेवता पाण्यात उतरली आणि तिने फुलवंताला वेणी धरून काठावर ओढलं.

"वेणी सोड, दुखते," फुलवंता धापा टाकत म्हणाली. मग रेवताने तिला सगळं सांगितलं. परीचं, थेंबांचं, निसटलेल्या नजरेचं.

फुलवंताने मनगटावरचा तुटका दोरा सोडवला. "म्हणजे ते मासे तुझे होते."

"माझीच नजर गेली ना."

"माझीही जायची," फुलवंता म्हणाली. "तुझे बाबा तुला जवळ बसवून तरंडा करून देतात. माझे बाबा बाजारातून आणून देतात." तिने रेवताच्या तरंड्याकडे बोट केलं. "बघ, तो पाण्यावर आडवा झोपलाय. दोऱ्याला शिशाचं वजन कमी आहे. मासा चाटून जातो आणि तुला कळतही नाही. मला आठ दिवसांपासून दिसतंय."

"मग सांगितलं नाहीस?"

"बाबा म्हणाले, बोलू नको."

तिने आपल्या डब्यातला शिशाचा एक मणी दगडाने ठेचून रेवताच्या दोऱ्याला बसवला. गळाला कानाच्या पाळीसारखा मऊ सोनेरी गोळा लावला. गळ पाण्यात पडला आणि मोरपिसाचा तरंडा ताठ उभा राहिला, नखाएवढं टोक फक्त वर.

रेवताची नजर तरंड्यावरून हलली नाही. फुलवंताची नजरही त्याच तरंड्यावर होती.

"लाग ना रे," फुलवंता हळूच म्हणाली. "तिला लाग."

कमळात परी हसली. चौथा थेंब तिच्या ओंजळीतून निसटला, सोनेरी, केशरी, जांभळ्या ठिणग्या होऊन पाण्यावर पसरला आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. तरंडा दोनदा थरथरला, तिरका झाला आणि बुडाला.

बिसन मुखिया दगड ताब्यात घ्यायला आला, तेव्हा सूर्याची एक कड अजून शिल्लक होती आणि अकराव्या दगडावर एक जाडजूड रोहू शेपटी आपटत होता. मुखियाने मुलीचे ओले कपडे पाहिले, तिच्या डब्यातला अर्धा झालेला गोळा पाहिला.

"हा कुणाच्या गळाला लागला?" त्याने दरडावून विचारलं.

"रेवताच्या," फुलवंता म्हणाली. "मी बघत होते."