विल्माचा पाव

दक्षिण स्लोव्हाकियातल्या फ्यूझेश गावात ज्या घरी पाव भाजतात, तिथे भट्टीच्या तोंडाशी मुठीएवढा एक पाव बाजूला ठेवलेला दिसतो. पाहुण्यांनो, तो उचलू नका. घरची पोरंसुद्धा त्याला हात लावत नाहीत, आणि आमची पोरं काही साधीसुधी नाहीत.

गाव हंगेरियन बोलणाऱ्यांचं, मुलूख स्लोव्हाकांचा. सरहद्द इकडची तिकडे झाली आणि ही माणसं जागच्या जागी परकी ठरली. पाव फुगवायचं खमीर इथल्या बायका कोंड्यात मळून, वाळवून, भट्टीवरच्या कोनाड्यात जपत. घर सोडून जाणाऱ्याने ते मागेच ठेवायचं, अशी रीत होती. खमीर घरात असलं की माणूस फिरून घरी येतो. बरोबर नेलं की घर तुटलं.

महायुद्ध संपल्यावर फर्मान आलं, असं सांगतात. हंगेरियन कुटुंबांना दूर चेक मुलखात शेतमजुरीला धाडायचं आणि त्यांच्या घरांत हंगेरीतून आणलेले स्लोव्हाक बसवायचे. भर थंडीत शिपाई बोर्बालाच्या दारात उभे राहिले. ती विधवा, पदरात एकुलती एक विल्मा. गाठोडं बांधताना बोर्बालाने कोनाड्यातली खमिराची पुरचुंडी उचलली, वास घेतला आणि परत ठेवली.

"आई, घे ना ती," विल्मा म्हणाली.

"खुळे, मग आपण घरी कशा यायच्या?"

परक्या मुलखात, मालकाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत, विल्मा तापाने फणफणली. पोटात काही ठरेना. घरी पाव भाजताना कणीक मळायच्या काथवटीच्या कडा खरवडून आई तिच्यापुरता लहानसा पाव करी. तोच ती मागू लागली. बोर्बालाने मालकिणीच्या हातापाया पडून खमीर आणलं, पाव केला. पोरीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. "हा आपला नाही." शेवटच्या श्वासापर्यंत ती तोच मागत राहिली म्हणे.

बोर्बालाने ऊर बडवून घेतला. घरासाठी खमीर ठेवलं आणि पोरीला उपाशी धाडलं! तापाला पावाने कुठे उतार पडतो, असं शहाणी माणसं म्हणतील. पण ते त्या आईला कोण सांगणार?

मग ती पळाली. कधी पायी, कधी मालगाडीत लपून, बर्फ वितळताना ती फ्यूझेशला पोचली. घर मागायला नव्हे. ते खमीर जाळायला, असं म्हणतात. स्वतःच्याच दारावर तिला थाप मारावी लागली. दार उघडलं पावलिनाने, हंगेरीतून आणून त्या घरात बसवलेल्या स्लोव्हाक बाईने. तिला बाजूला सारून बोर्बाला कोनाड्याकडे धावली. पुरचुंडी जागेवर होती आणि आतलं खमीर ताजं होतं.

"पाव केले की दर खेपेला नवं करून ठेवत आले," पावलिना हंगेरियनमध्येच म्हणाली. ती तिकडे वाढलेली. "वाटलं, तुम्ही याल. माझंही तिकडच्या कोनाड्यात राहिलंय."

"जाळा ते!" बोर्बालाने हंबरडा फोडला. "माझी लेक गेली त्याच्यापायी!"

पावलिनाने भट्टी पेटवली, काथवट पुढे ओढली. दोघींनी मिळून कणीक मळली, फुगू दिली. कडा खरवडून बोर्बालाने मुठीएवढा पाव केला. भाजून निघाल्यावर तो हातात धरून बसली. चटके बसले तरी सोडवेना. अखेर तिने तो भट्टीच्या तोंडाशी ठेवला.

"नाव काय होतं लेकीचं?" पावलिनाने विचारलं.

"विल्मा."

बोर्बाला पुढे तिथेच राहिली की तिला पुन्हा धरून नेलं, यावर गावात एकमत नाही.

पण आजही फ्यूझेशमधून कोणी दूर निघालं, मग ते हंगेरियन घरचं असो की स्लोव्हाक, खमिराचे दोन वाटे होतात. लहान वाटा कोनाड्यात राहतो, मोठा निघालेल्याच्या सामानात जातो. आणि पाव भाजले की तो मुठीएवढा पाव भट्टीच्या तोंडाशी निवत राहतो. कुणासाठी, म्हणून विचारलंत तर घरची बाई एवढंच सांगते, "विल्मासाठी. ती मागत होती."