भुगा कुणाचा?

लाकडाला अजून वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. कापसाची एक जुनी पेढी दुरुस्त करून तिथे नवं ऑफिस थाटायचं ठरलं. पेढीत सागाचे दोन खांब होते. दारातला नक्षीदार, आतला साधा.

नक्षीदार खांबाच्या बुडाला आतून वाळवी लागली होती. त्याला ते ठाऊक होतं, पण आपल्याला काढून टाकतील या भीतीने तो गप्प राहिला. एके सकाळी हैबती सुताराला फरशीवर भुगा दिसला.

"हा कुणाचा रे?"

"आतल्याचा," नक्षीदार खांब चटकन बोलून गेला.

"मिस्त्री, माझा नाही हो!" साधा खांब कळवळून म्हणाला. पण साध्याचं कोण ऐकतो? हैबतीने तुळईला टेकू दिला, त्याला उतरवलं आणि करवत चालवली. लाकूड आतून घट्ट, निरोगी निघालं. हैबती डोक्याला हात लावून बसला.

नक्षीदार खांबाला राहवेना. "मिस्त्री, भुगा माझा होता," तो कसाबसा म्हणाला. "आता मलाही कापा."

हैबतीने त्याचं फक्त किडकं बूड कापलं आणि साध्या खांबाच्या लाकडाचा पाय त्याला जोडला.

ऑफिस सुरू झालं. येणारेजाणारे थबकून म्हणत, "काय देखणा खांब!"

"माझं नका कौतुक करू," खांब पुटपुटे. "ज्याच्यावर उभा आहे, त्याचं करा."

"आणि किती विनयशील!" लोक म्हणत. मग तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.